जनाची पांढरी होडी

जना, मी मिरजेहून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी पाटी टेकल्याचा आवाज झाला. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातांनीच उठले आणि आतूनच ओरडले, "आलीस का गं बाई? आता मलाच विचारशील, इतके दिवस कुठं होतीस म्हणून!" बाहेर येऊन बघते तर तू नव्हतीस. पाटी तुझी होती, चुंबळही तुझीच, निळ्या लुगड्याच्या फडक्याची. पण पाटीमागं तुझी जाऊ उभी होती, कमळी.

"जना कुठं आहे?" मी विचारलं.

"वैनी, जना नाय आता."

मला वाटलं, माहेरी गेली असशील. "कधी येणार?" असंसुद्धा मी विचारलं. मग कमळी खाली बसली, आणि तिच्या बसण्यावरून मला कळलं.

कावीळ झाली होती म्हणे तुला. गावात कुणी पाला दिला, तो आठ दिवस घेतलास. उतरली नाही तेव्हा तुझ्या नवऱ्यानं, लक्ष्मणदादांनी, तुला पालघरला दवाखान्यात नेलं. तिथं तिसऱ्या दिवशी तू गेलीस. त्या दिवशी मी मिरजेत होते, वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरची पट्टी कधी सुटते याची वाट बघत. तुझ्या सुतकाचे दिवससुद्धा सरत आले होते आणि मला तिकडे कशाची कुणकुण नव्हती.

कमळीनं बोंबील काढून दिले. मी घेतले. दुसरं काय करायचं ते दोघींनाही सुचलं नाही.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना जन्म कधीचा, माहेर कुठलं, हे आधी लिहितात. तुझं वय तुलाही ठाऊक नव्हतं. "मोठं वादळ झालं त्या साली मी रांगत होते," एवढं सांगायचीस, आणि ते वादळ कुठल्या सालचं हे गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. तेव्हा ते राहू दे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी लिहिता लिहिता मोठ्यानं वाचते आहे. खोलीत कुणी नाही. हे साइटवर गेलेत.

सहासष्टच्या दिवाळीनंतर आम्ही इकडे आलो. वीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, ह्यांना वेल्डरचं काम लागलं होतं, आणि आम्हाला पत्र्याची ही खोली मिळाली होती. मिरजेची बाई मी. नदी पाहिलेली, समुद्र पाहिलेला नाही. आठवड्यातच तू दारात आलीस आणि मी ऐटीत बोंबील घेतले. घेतले आणि मटणासारखे मसाला घालून तासभर शिजवले. झाकण काढलं तर पातेल्यात नुसती खीर. दुसऱ्या दिवशी तुला रागानं म्हटलं, "कसले मासे दिलेस? विरघळून गेले." तू आधी ऐकून घेतलंस, मग अशी हसायला लागलीस की शेजारच्या तीन खोल्यांतल्या बायका बाहेर आल्या. मग पाटी बाजूला सारून सरळ माझ्या चुलीपाशी येऊन बसलीस. "वैनी, बोंबलाला आग दाखवायची, आगीत बसवायचा नाय." त्या दिवशी तुझी निम्मी पाटी विकायची राहिली. तुझ्या-माझ्या ओळखीची सुरुवात अशी, तुझ्या हसण्यानं आणि माझ्या फजितीनं.

होडीचा विषय निघाला तो माझ्या पेटीवरून. वडिलांनी लग्नात दिलेली शिसवी पेटी. माझे वडील मिरजेला तंबोरे-सतारींना पॉलिश करायचे, जन्मभर तेच काम. तू पेटीवर बोट फिरवलंस, वाकून तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलंस आणि म्हणालीस, "हे कुनी केलं?"

"माझ्या वडिलांनी."

"तुमाला येते?"

"लहानपणी त्यांच्या हाताखाली घासलंय मी पुष्कळ."

दोन दिवसांनी आलीस ती पाटी रिकामी करूनच. "चला," म्हणालीस, "एक वस्तू दाखवायची हाय."

अर्ध्या तासाची वाट. गावाबाहेर सुरूच्या झाडांखाली ती पालथी पडली होती. होडी म्हणून मला ती ओळखूच आली नाही. आधी वाटलं, एखादं मोठं जनावर मरून पडलंय. अंगावर सुरूच्या काड्यांचा थर, खालच्या अंगाला वाळलेले शिंपले, आणि पांढरा म्हणावा असा रंग, पण कुठं पिवळट, कुठं राखेसारखा, कुठं खडूसारखा. मी हात लावला तर तळवा पांढरा झाला.

"फायबरची हाय," तू म्हणालीस. "गोऱ्या सायबाची."

मग तिथं बसूनच तू सगळं सांगितलंस. साइटचं काम सुरू व्हायच्या आधी समुद्राचा तळ मोजायला एक गोरा साहेब आला होता. पाण्याखालचे खडक कुठं आहेत हे त्याला लक्ष्मणदादांनी हंगामभर दाखवलं. साहेब परत जाताना ही होडी त्यांना बक्षीस देऊन गेला. तेव्हाही ती जुनीच होती. लक्ष्मणदादांना तिची गरज नव्हती, त्यांची स्वतःची लाकडी होडी होती. त्यांनी ही इथं ओढून ठेवली. मग एका भादव्यात वादळी वाऱ्यात ती लाकडी होडी खडकावर फुटली. लक्ष्मणदादा पोहत आले. त्यांचा धाकटा भाऊ, कमळीचा नवरा, आला नाही.

तेव्हापासून लक्ष्मणदादांनी पाण्यात पाय घातला नव्हता. साइटवर दगड उचलायला जात होते.

"दगड उचलून उचलून दगड झालाय तो," तू म्हणालीस. "जेवतो, निजतो, उठतो. बोलत नाय. दोन वर्सं झाली, वैनी. मला वाटते, ही होडी तुमच्या पेटीसारकी झाली तर तो निदान तिच्याकडं बगेल."

मला तेव्हा फायबरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मी हो म्हटलं. नाही म्हणणं तुझ्यासमोर कुणाला जमलंय?

ह्यांनी साइटवर पाइपांना फायबरचं अस्तर लावणाऱ्या रामअवधला विचारलं. तो एका रविवारी होडी बघायलाच आला. नखानं खरवडून म्हणाला, "भाभी, ऊपर जो चमड़ी है ना, उसको जेलकोट बोलते हैं. धूप से मर गई है ऊपर-ऊपर. अंदर अभी जिंदा है." दुधावर साय असते तसा तो रंगाचा पातळ थर असतो, पाणी आत जाऊ न देणारा. वरचं मेलेलं काढायचं, पण साय फाडायची नाही. हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. कारण वडिलांचंही हेच होतं. "रंग घासायचा नसतो सुमे, रंगावरचं मेलेलं घासायचं असतं."

तर आपण दोघी लागलो. पौष असेल. तू पाटी विकून यायचीस, मी स्वयंपाक उरकून. आधी आठ दिवस नुसती धुतली. शिंपले काढताना तुझ्या बोटांची सालं गेली. मग वॉटर पेपर, पाणी घालून घासायचा खरखरीत कागद. ह्यांच्या वर्कशॉपमध्ये वापरून टाकून दिलेले तुकडे फोरमननं आपल्याला नेऊ दिले. सुरूच्या सपाट फळकुटाला तो कागद गुंडाळायचा, पाणी ओतत राहायचं आणि घासायचं. तू म्हणायचीस, "हे तर भांडी घासल्यावानी हाय." मी म्हणायची, "नाही, भांडं घासताना भांडं झिजलं तरी चालतं."

ओली असताना ती काय सुंदर दिसायची! तू पहिल्याच दिवशी टाळी वाजवलीस, "झाली की!" मी म्हटलं, थांब, वाळू दे. वाळली आणि पुन्हा तेच डाग, तीच राख. तुझा चेहरा उतरला. मग मी वडिलांची युक्ती केली. कोळशानं सगळ्या अंगावर रेघा ओढल्या. जिथं उंचवटा तिथली रेघ आधी जाते, जिथं खळगा तिथली मागं राहते. कुठं थांबायचं आणि कुठं घासायचं हे डोळ्यांना दिसतं. ते काळं तोंड बघून गावातली पोरं नाचायला लागली आणि एक म्हातारा काठी टेकत येऊन म्हणाला, "बायांचं काम हाय का हे? त्या पिलॅस्टिकच्या भांड्यात मासा तरी येईल का?"

"तुमी येऊ नका म्हंजे झालं, मासा येईल," तू म्हणालीस.

होडीला नाव काय ठेवायचं असं मी तुला त्या दिवसांत विचारलं होतं. तू मान वर न करता म्हणालीस, "नाव कशाला? नावं ठेवायला गाव हाय की."

त्या सुरूच्या सावलीत मला किती शिकायला मिळालं म्हणून सांगू. भरतीची वेळ तिथीवरून कशी काढायची. मांदेली ताजी कशी ओळखायची. रेशनच्या मिलोच्या, त्या लाल अमेरिकन ज्वारीच्या, भाकरीला सुक्या जवळ्याची चटणी लावली की ती घशाखाली कशी उतरते. आणि मीही तुला सांगत बसायची, कृष्णेचं, घाटाचं, तंबोऱ्याच्या भोपळ्यांचं. तू म्हणायचीस, "ज्या पान्याला भरती नाय ते काय पानी?" मी म्हणायची, "जे पाणी पिता येत नाही ते काय पाणी?" हा वाद आपण इतक्यांदा घातला, आणि कधी मिटवला नाही. परक्या मुलखात येऊन पडलेल्या बाईला रोज भांडायला हक्काचं माणूस मिळणं ही केवढी गोष्ट असते, ते ज्यांना मिळत नाही त्यांना विचारावं.

आता ती गोष्ट.

माघ सरत आला होता. तुला होडी शिमग्याआधी हवी होती. त्या दिवशी मला यायला उशीर झाला. येऊन बघते तर तू नाळेपाशी, होडीच्या पुढच्या टोकाशी, बसून जिवाच्या आकांतानं घासत होतीस. तिथं एक पिवळा डाग होता, कितीही केलं तरी न जाणारा. आपण ठरवलं होतं, तो राहू द्यायचा. तू जाडा कागद घेतला होतास. मी धावत आले, पाणी ओतलं, आणि पाहिलं. पांढऱ्याच्या आत करडी जाळी दिसत होती, गोणपाटासारखी. हाताएवढी जागा. साय फाटली होती.

"हे काय केलंस?"

"एकच जागा हाय, वैनी. रंग मारू वरनं."

"रंग मारू? रंगानं काय होतंय? इथनं पाणी आत शिरेल, होडी आतनं कुजेल. कितीदा सांगितलं होतं, कडेला थर पातळ असतो म्हणून?"

"मला बगवत नव्हता तो डाग."

आणि मग मी ते बोलले. मला अजून माझाच आवाज ऐकू येतो. "कमळीकडं बघ जरा. नवऱ्याला समुद्रात ढकलायची एवढी कसली घाई झाली आहे तुला?"

तू उठलीस. कागद नीट घडी करून फळकुटावर ठेवलास. बादलीत हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि गेलीस.

बारा दिवस तू आली नाहीस. दुसरी कुणी मासेवालीही आमच्या ओळीत फिरकली नाही. हे म्हणाले, "जाऊन ये ना गावात." मी नाही गेले. शब्द माझा चुकला होता, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण पाय उचलेना. मी मोठी मानी. आणि खरं सांगू? मला भीती वाटत होती की तू दारातून परत पाठवशील.

तेराव्या दिवशी पाटी टेकल्याचा आवाज आला.

"बोय हाय, ताजी," तू म्हणालीस. मी ताट पुढं केलं. मासे मोजून घातलेस, पाटी झाकलीस, चुंबळ डोक्यावर ठेवलीस आणि जाता जाता म्हणालीस, "त्या भोकाचं काय करायचं ते तुमच्या साइटच्या मानसाला इचारा."

बस्. एवढ्यावर भांडण मिटलं. माझ्या तोंडाशी माफी आली होती, ती मी गिळली. म्हटलं, मिटलं आहे ते कशाला उकरा. पुढं दोन-अडीच वर्षं आपण रोज बोललो, पण ते वाक्य ना तू काढलंस, ना मी.

रामअवधनं डबाभर रेझिन आणि ते घट्ट व्हायला बाटलीत हार्डनर दिलं. पहिल्या दिवशी मी हार्डनर जास्त घातलं. करवंटीत ढवळता ढवळता ती गरम झाली आणि बघता बघता आतलं सगळं दगड झालं. तू करवंटी आपटलीस तर करवंटी फुटली, आतला गोळा तसाच. पुन्हा हसत सुटलीस! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गारव्यात, हार्डनर थेंब थेंब घालून केलं. पातळ हात दिला आणि वरून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, कारण हवा लागली तर ते चिकटच राहतं, असं रामअवध म्हणाला होता. "जल्दी मत करना भाभी, अपने टाइम पे सूखेगा." हे त्यानं मला सांगितलं आणि मी तुझ्याकडं पाहिलं. तूही माझ्याकडंच बघत होतीस.

ठिगळ बसलं, पण रंग जमला नाही. बाकी होडी पांढरी आणि ती हाताएवढी जागा दुधाच्या खरवसासारखी पिवळसर. तू म्हणालीस, झाकू. मी म्हटलं, राहू दे, वाईट काय दिसतंय? त्यावर आपलं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

आणि एका दुपारी लक्ष्मणदादा आले. साइटवरून लवकर सुटले होते की मुद्दाम आले होते, देव जाणे. मी डोक्यावर पदर घेतला. ते काही न बोलता होडीभोवती एकदा फिरले. ठिगळापाशी थांबले. त्यावर तळवा फिरवला, इकडून एकदा, तिकडून एकदा. तू तर मान खाली घालून घासतच होतीस, गोल गोल, मी शिकवलं होतं तसं.

"गोल नको," ते म्हणाले.

तू थांबलीस.

"पानी कुठनं कुठं जाते? नाळेकडनं मागं. मंग गोल काय घासते? लांब घास. पान्याच्या वाटेनं."

"मला काय म्हाईत?" तू म्हणालीस. तू आवाज चढाच ठेवलास. "म्हाईत हाय त्यानं करावं."

ते उकिडवे बसले आणि त्यांनी तुझ्या हातातून फळकुट घेतलं.

जना, मी वडिलांना हजार वेळा घासताना पाहिलंय. तसा हात मी त्यांच्यानंतर त्या दिवशी पाहिला. नाळेपासून निघालेला हात शेवटापर्यंत न अडखळता जायचा. मी तंबोऱ्याची रीत होडीला लावत होते. तंबोऱ्याला वाहायचं नसतं. होडीला वाहायचं असतं. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, आणि ती चूक पाहवली नाही म्हणून तो माणूस दोन वर्षांनी तोंड उघडून बोलला. आपलं काम चुकलं होतं म्हणून तो थांबला. सगळं बरोबर झालं असतं तर कदाचित नुसतं बघून परत गेला असता.

पुढचे दहा दिवस आपण तिघं होतो. बारीक कागद, मग त्याहून बारीक, मग मोटारींना लावतात ते कंपाउंड, आणि शेवटी वडिलांच्या रीतीनं टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मेण, जुन्या धोतराच्या बोळ्यानं. शिमग्याच्या दोन दिवस आधी होडी झाली. तिच्यात सुरूची झाडं उलटी दिसायला लागली. तू वाकून तोंड पाहिलंस आणि कुंकू नीट केलंस!

शिमग्यानंतरच्या पहिल्या मोठ्या भरतीला ती पाण्यात गेली. तू नारळ दिलास. लक्ष्मणदादा गुडघाभर पाण्यात थांबले होते, बराच वेळ. मग ते चढले आणि वल्ही घेतली. तू मागं वळून घरी निघालीस. मी म्हटलं, "अगं, बघ तरी!" तू म्हणालीस, "घरी काम पडलंय." मला राग आला होता तुझा. एवढं केलं आणि बघायला थांबली नाही, असं वाटलं.

या खेपेला मिरजेला जायच्या आदल्या दिवशी तू वडिलांसाठी सोड्यांची, सुक्या कोलंबीची, पुडी घेऊन आलीस. म्हणालीस, "त्यांना सांगा, तुमच्या पॉलिशचा मासा हाय." तुझे डोळे मला पिवळट दिसले होते, जना. मी विचारलं, "बरं नाही का?" तू म्हणालीस, "उन्हानं." मी ते धरून बसले नाही, गाडीची गडबड होती. हे मी तुला सांगितलं नसतं तर हे सगळं लिहिणं खोटं झालं असतं.

वडिलांनी पट्टी सुटल्यावर तुझी गोष्ट तीनदा ऐकली. ठिगळाबद्दल विचारलं आणि म्हणाले, "झाकू नये म्हणतेस ते बरोबर. पण ती झाकू म्हणत होती तेही चूक नाही. वस्तू तिची आहे." म्हणजे तिथंही निकाल लागला नाही. सोडे त्यांनी भातात घालून खाल्ले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि आणखी मागितले.

काल मी गावात गेले. लक्ष्मणदादा ओट्यावर बसले होते. डोकं भादरलेलं, हात मांडीवर. मला बघून उठले. कमळीनं पाणी दिलं. ते पुन्हा तसेच जाऊन बसले. मला वाटलं, परत दगड झाला का हा माणूस? तेवढ्यात ते म्हणाले, "वैनी, ती गेल्यापास्नं होडी काढली नाय. काढू का?"

मला कशाला विचारता, असं म्हणणार होते. पण विचारायला त्यांना दुसरं होतं कोण?

"काढा," मी म्हटलं.

भरती लागत होती. ते गेले. मी आणि कमळी वाळूत उभ्या राहिलो. होडी खडकांच्या पलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली. मी निघायला लागले तर कमळी म्हणाली, "थांबत नाय? जना रोज हितं उबी राहायची, तो येईपर्यंत."

"पहिल्या दिवशी तर घरी निघून गेली होती."

"घरी कुठली? त्या सुरूंच्या मागं बसलेली. तोंडात पदर कोंबून. मीच होते तिच्यासंगं."

मग मी थांबले. तास झाला, दीड तास झाला. ऊन उतरलं, वारा फिरला. रिकामं पाणी इतका वेळ बघत राहायची सवय मला नाही. तू हे अडीच वर्षं रोज केलंस, आणि मी तुला म्हटलं होतं, ढकलायची घाई झाली आहे. राहवेना. ते वाक्य मी कमळीला सांगून टाकलं, तिचंच नाव त्यात होतं तरी. म्हटलं, माफी मागायची राहून गेली.

कमळी पाण्याकडंच बघत होती. "जना बोललेली मला," ती म्हणाली. "बारा दिवस ती तुमच्याकडं आली नाय ना, तवा रोज माज्याकडं येऊन बसायची. बोलली, वैनीनं इचारलं ते मी तुला इचारायला पायजे होतं. तुजा गेला, आनि मी माजा परत पाठवते. पाठवू का गं? मी बारा दिवस काय बोललेच नाय. मंग बोलले, पाठव. घरात दोन मेलेले नको."

म्हणजे तू रुसली नव्हतीस. माझा शब्द लागला तो तू घेऊन तिच्या दारात गेलीस, आणि तिचं उत्तर मिळेपर्यंत माझ्याकडं आली नाहीस. माझ्या कडू बोलण्याचं तू असं काही केलंस, आणि मला कधी कळूही दिलं नाहीस. माफीच्या जागी आता दुसरंच काही मागं उरलंय. त्याला आभार म्हणतात, पण हा शब्द फार छोटा आहे गं.

सूर्य टेकायच्या आधी कमळीनं माझा दंड धरला. खडकांच्या टोकाशी पांढरं काही हललं. आधी मला लाटच वाटली. मग वल्ही दिसली, मग माणूस. लक्ष्मणदादा उतरले, होडी वर ओढायला आम्ही दोघींनी हात लावला. जाळ्यात फार नव्हतं. थोडी मांदेली होती, दोन बोय.

जना, तो परत आला. एवढंच तुला सांगायचं होतं.